झेंड्यांना रजा देणारे मामा

चालत्या एस.टी.च्या घंटीची दोरी खसकन ओढून तो माणूस उभा राहिला आणि ओरडला, "थांबवा! वरच हाय!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. माझ्या मांडीवरची पत्र्याची पेटी पुढच्या माणसाच्या पायावर पडली. मागून कुणीतरी "टपावरून पोरगं पडलं!" म्हणालं आणि अर्धी गाडी खिडक्यांना लागली. पंधरा ऑगस्टची संध्याकाळ होती. कनेरगाव नाका नुकताच मागं पडला होता, आणि मी जन्मात पहिल्यांदा हिंगोलीला चालले होते.

"काय वर हाय, मामा?" कंडक्टरनं विचारलं. त्याच्या आवाजात घाबरणं नव्हतं, कंटाळा होता.

"झेंडा! दिवस बुडून राहिला अन् त्या पंचायतीवर झेंडा वरच हाय. उतरवायचं एकाला ध्यान न्हाई."

"मग गाडीनं काय करावं? सलामी द्यावी?" एक पागोटेवाला पाय चोळत म्हणाला. पेटी त्याच्याच पायावर पडली होती.

"गाडीनं मला उतरू द्यावं."

"ह्याच्या मागं गाडी न्हाई, मामा. रातच्याला पायी येता काय?"

"माझं मी बघतो. मला दोन पाय हायेत. त्याला उतरवायला दुसरं कोण हाय?"

आणि तो खाकी कपड्यातला उंच, काटकुळा म्हातारा खरंच उतरला आणि ढेकळं तुडवत पंचायतीच्या दिशेनं निघून गेला. गाडी हलली. मी नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "या गावात अशी माणसं राहतात का हो?"

"नाही नाही, घाबरू नको," नवरा म्हणाला. "अख्ख्या हिंगोलीत असा एकच आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आपल्या शेजारी राहतो."

माझं माहेर चोपड्याकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याला हिंगोलीच्या एका दाल मिलमध्ये फिटरची नोकरी लागली म्हणून मी सातपुड्याच्या पायथ्यापासून या हळदीच्या गावात आले. हिंगोलीचा जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. जिल्हा नवा, मी नवी, आणि मला सगळ्याचीच भीती. कुलूप नीट लागलं का, दूध नासलं तर, पोस्टमन दारात थांबला तर तार तर नसेल. असल्या बाईला शेजार मिळाला तो कोंडबा खंदारे यांचा. सगळी कॉलनी त्यांना मामा म्हणायची.

मामा एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत शिपाई होते. फायली नेणं, पाणी देणं, साहेबाची घंटी वाजली की उठणं, हे सगळ्याच शिपायांचं काम. मामांचं खास काम एकच, झेंडा बांधायचं. घडी घालून, आत फुलं ठेवून, दोरीला अशी गाठ मारायची की साहेबानं एक हिसका दिला की झेंडा उलगडला पाहिजे आणि फुलं बरोबर साहेबाच्या डोक्यावर पडली पाहिजेत. "एकतीस वर्सात साहेब लई बदलले," ते सांगायचे, "काही डोक्यानं चांगले होते, काही नव्हते. पर फूल परत्येकाच्या डोक्यावर पडलं."

सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट हे मला माहीत होतं. पहिल्याच सप्टेंबरात मामा म्हणाले, आता सतराची तयारी. मी विचारलं, "सतराला काय असतं?" भाकरी कशाची करतात असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"खानदेस," ते म्हणाले. पहिल्या दिवसापासून त्यांनी माझं नाव हेच ठेवलं होतं. "तुमी सारे सत्तेचाळीसला मोकळे झाले. आमी मराठवाडेवाले निजामाच्या कोंडवाड्यात. आमाला अजून वर्सभर लागलं. म्हून आमी एक झेंडा तुमच्याहून जास्ती लावतो. बराबर हाय का न्हाई?"

नोकरीतून सुटल्यावर माणसं शेत बघतात, नातवंडं खेळवतात. मामांनी झेंड्यांना सेवानिवृत्त करायचं काम काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण गरज होती. शाळेत, पंचायतीत झेंडा फाटला, विटला की त्याचं करायचं काय हे कुणाला कळायचं नाही. फेकता येत नाही, फडकं म्हणून वापरता येत नाही, फाटका लावताही येत नाही. मग तो कपाटात खडूच्या खोक्यामागं आणि भारताच्या नकाशाखाली वर्षानुवर्षं पडून राहतो. नियम असा की तो अख्खा, एकांतात, मानानं जाळावा. पण काडी लावायची कुणी? तेवढा धीर एकाचाच, खंदारे मामांचा. म्हणून जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून एस.टी.चे कंडक्टर "मामास देणे" अशी चिठ्ठी लावलेली गाठोडी घेऊन यायचे. मामा रोज सकाळी दहाला कचेरीला निघावं तसे खाकी कपडे घालून, बगलेत धुतलेलं पांढरं फडकं घेऊन स्टँडवर जायचे. कुणी झेंडा वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला तर तिथंच उभ्या उभ्या कागद फेडायचे. "ह्याच्या अंगावर नटीचा फोटो! आरं, शरम हाय का?" कंडक्टर म्हणायचा, "मामा, मी का गुंडाळलं? मला कशाला झापता?" "तू आणलं न्हवं? तूबी ऐकून घे."

मग अंगणात बाज, बाजेवर पांढरी चादर, चादरीवर झेंडा, आणि मामांच्या हातात टेप. तपासणी कचेरीसारखी. निकाल तीनच. झेंडा ठीक असेल तर "ड्यूटीवर!" शिवण उसवली, दोरीची पट्टी सुटली, एवढंच असेल तर "मेडिकल!" आणि विटला, विरला, डाग पडला, फाटला, तर मामा चष्मा काढून दोन मिनिटं गप्प बसायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "रजा मंजूर."

एकदा एक सरपंच स्वतः आला. त्याला निकाल मान्य नव्हता.

"मामा, एवढी सव्वीस जानेवारी निघू द्या की ह्याच्यावर. जरासाच तर विटलाय."

"सरपंच, लेकीच्या लग्नात फाटकं धोतर नेसून मांडवात उभं ऱ्हाल काय?"

"मी कशाला फाटकं नेसू?"

"मग ह्याला काहून उभं करून राहिले?"

"तुमी तर लईच त्याची बाजू घेऊन राहिले, मामा!"

"तुमची बाजू घ्यायला तुमी निवडून आलेले हायेत."

सोळा ऑगस्ट आणि सत्तावीस जानेवारीला मामांचा दौरा रस्त्यावर. पिशवी घेऊन निघायचे आणि पोरांनी टाकलेले कागदी झेंडे वाकून वाकून गोळा करायचे. उचललेल्या प्रत्येक झेंड्यावरच्या चक्राचे आरे मोजायचे, ही वेगळीच खोड. एका दुकानदाराला त्यांनी भर चौकात गाठलं. "बावीस! चोवीस पायजेत. दोन कुठं गेले? तुमी खाल्ले?" तो बिचारा म्हणाला, "मामा, छापून येतं ते विकतो मी." मामांनी त्या दुकानातून पुढं दोन वर्षं काडेपेटीसुद्धा घेतली नाही.

आणि रजेचा कार्यक्रम. त्यालाही त्यांची रीत होती. सकाळी आंघोळ, तांब्यात निखारे घालून कडक केलेले खाकी कपडे, पांढरी टोपी. मागच्या अंगणात एक घासून लख्ख केलेलं घमेलं. त्यात रॉकेल नाही, गोवऱ्या नाहीत, लाकूड नाही. फक्त पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काटक्या. मी विचारलं, याच का? "खादी कशाची? कापसाची. मग तिनं आपल्याच माणसात जावं." राख लिंबाच्या बुडाशी पुरायची. त्या दिवशी मामा मटण खायचे नाहीत आणि कुणाशी भांडायचेही नाहीत. दुसरं जास्त अवघड होतं.

आधी मात्र झेंड्याची माहिती वाचली जायची. पाठवणाऱ्यानं ती लिहून द्यायचीच, हा मामांचा नियम. मामा चौथी पास, पण मास्तरांचं गिचमिड अक्षर त्यांना लागायचं नाही. म्हणून दारात उभं राहून मी वाचायची, ओळीखाली बोट धरून, अडखळत. एका चिठ्ठीत होतं, "हा ध्वज तीन वर्षे फडकला. एकदा दोरी अडकली. एकदा भर पावसात पाऊण तास भाषण झाले."

"कोणाचं भाषण ते लिवलंय?"

"नाही, मामा."

"बरं झालं. जाताना त्याला आठवण काहून द्यायची."

समोर राहणारे गंगाधरराव हळदीची दलाली करायचे आणि उरलेल्या वेळात मामांची थट्टा. "खंदारे," ते गच्चीवरून म्हणायचे, "मी मेल्यावर माझं एवढं कुणी करणार नाही हो."

"तुमी कवा सरळ उभं ऱ्हायले, गंगाधरराव? रोज तर कठड्याला टेकलेले."

अशा माणसाची मला भीती वाटायला हवी होती. पण माझं हिंगोलीतलं बस्तान त्यांच्यामुळंच बसलं. आल्यावर महिनाभर मी दार लावून शिलाई मशीनपुढं नुसती बसून असायची. कुणी ओळखीचं नाही, काम मागायचं कुणाकडे? एक दिवस मामा दोरीची पट्टी सुटलेला झेंडा घेऊन आले. "टाका दाखव," म्हणाले. मी घाबरून हाताला लागलं ते दाखवलं. नेमकी नवऱ्याची डब्याची पिशवी होती. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पिशवी डोळ्यापाशी नेली, टाके मोजले. "बराबर. सरकारी टाका हाय तुझा." दुसऱ्या दिवसापासून कॉलनीभर झालं, खानदेसची बाई सरकारी टाका घालते. बायका ब्लाउज घेऊन आल्या. कुणी परकर आणला, कुणी उशीचे अभ्रे. मी या गावाची झाले ती त्या एका वाक्यानं. मेडिकलवरचे झेंडेही मग माझ्याकडेच यायला लागले. मामा शेजारी उकिडवे बसायचे आणि एकेक टाका डोळ्यांनी तपासायचे.

अडीच वर्षं अशी गेली. जानेवारीत नियम बदलला. आता कुणीही आपल्या घरावर, कुठल्याही दिवशी झेंडा लावू शकतो, असं रेडिओवर सांगितलं. मामा तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी नवीन टेप घेऊन आले. "पेशंट वाढणार," म्हणाले.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मी ते काम केलं.

मामांची बहीण वारली होती. तिच्या जलदान विधीसाठी ते कळमनुरीकडं गेले, सतराच्या रात्री येतो म्हणाले. पंधरा तारखेला संध्याकाळी कंडक्टरनं माझ्या दारात गाठोडं दिलं. औंढ्याच्या पुढं, जवळा बाजारच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेचं. चिठ्ठीत होतं, "ध्वजाची कड उसवली आहे. मामांनी पाहून परत पाठवावा. सतरा तारखेस लागतो."

"मामा नाहीत," मी म्हणाले.

"मग तू कर की. तुझाच टाका असतोय न्हवं? सकाळच्या गाडीला दे."

मी झेंडा पांढऱ्या चादरीवर पसरला. दोरीकडची बाजू चांगली होती. वाऱ्याकडची कड झिजून तिचे दोरे लोंबत होते. एरवी मला गॅसची शेगडी पेटवायची भीती वाटते. पण कापडाची कड हे माझं राज्य. पदराची कड विरली तर काय करतात? सरळ कापायची, दुमडायची, शिवायची. मी चार बोटं कापड कापलं, अगदी सुतात. दुहेरी दुमड घातली. असा टाका घातला की मशीनसुद्धा खूश झाली असेल. इस्त्री केली. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "नवाच वाटतो की." कापलेली पट्टी मशीनच्या खणात ठेवली, तेल पुसायला बरी पडेल म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची भीती वाटली नाही, आणि नेमकी तेव्हाच वाटायला हवी होती.

अठराला सकाळच्या पहिल्या गाडीनं शाळेचे हेडमास्तर आले. मामा रात्रीच परतले होते आणि ओट्यावर चहा पीत होते. मी नळावर होते.

"मामा, इज्जत गेली," हेडमास्तर उभ्याउभ्याच म्हणाले. "झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. पाहुणे म्हणून म्हातारे स्वातंत्र्यसैनिक बोलावलेले. ते माइकसमोर आले, वर बघितलं अन् म्हणाले, हेडमास्तर, तुमचं चक्र निघालं कुठं? पोरं हसली. मग गाव हसलं. वरचे साहेब बसलेले होते, ते हसले नाहीत. आता मला लेखी विचारतील."

मामांनी कप खाली ठेवला. बाज आणली, चादर घातली, झेंडा पसरला, टेप लावली. उंची दोन फूट, बरोबर. लांबी तीन फूट पाहिजे. तीन इंच कमी. मग दोन्ही कडांपासून चक्रापर्यंत मोजलं.

"मधातून सरकलं," ते हळूच म्हणाले.

तेव्हा मला उमगलं. एकाच बाजूनं कापलं तर मधलं मधे कसं राहील? हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला दिसली होती फक्त कड. माझी कळशी भरून वाहायला लागली आणि मी तशीच उभी. पोलीस, नवऱ्याची नोकरी, चोपड्याला कळलं तर बाबा, सगळं एकदम डोक्यात शिरलं.

"कुणाचा हात आहे हा?" हेडमास्तरांनी विचारलं.

मामांनी दुमडीवरून अंगठा फिरवला. माझा टाका त्यांना अंधारातही ओळखू आला असता. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

"माझा," ते म्हणाले.

"तुमचा?"

"व्हय. कड विरली होती. कापली. ध्यानात आलं न्हाई."

"मामा, तुमी? अहो, अख्खा जिल्हा तुमच्या मापावर चालतो!"

"नजर गेली, सर. वय झालं."

हेडमास्तरांचा संताप वर आला. "मग आता तुमीच घ्या कायमची रजा. कशाला लोकांचे झेंडे खराब करून राहिले?" झेंडा उचलून बगलेत मारून ते निघाले. मामा त्यांच्या मागं धावले. "सर, तसा उघडा नेऊ नका. हे फडकं घ्या. धुतलेलं हाय."

ते परत आले तेव्हा मी ओट्याशी रडत उभी होते. "मामा, तुम्ही का सांगितलंत असं?"

"रडतेस काहून? ऐक. तू परगावची. परगावच्या माणसाचं नाव एकदा खराब झालं की लोक दुसरं नावच ठिवत न्हाईत. माझं एवढी वर्सं चांगलं होतं. एक दिवस खराब झालं तर पुरतंय." मग त्यांचा आवाज कडक झाला. "झेंड्याला कात्री लावायची न्हाई. जेवढा आला तेवढाच जातो. कापलेली पट्टी कुठं हाय?"

मी धावत जाऊन खणातून पट्टी आणली. त्यांनी ती पांढऱ्या रुमालात बांधून आत नेली. विषय संपला.

म्हणजे मला वाटलं संपला. पण कंडक्टरांच्या तोंडी लागलेली बातमी प्रत्येक स्टॉपवर उतरते. खंदारे मामांची नजर गेली. गाठोडी कमी झाली, मग थांबली. मामा मात्र रोज दहाला खाकी कपड्यात स्टँडवर जायचे आणि बाराला रिकामं फडकं घेऊन परत यायचे. कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचे, "झेंडेच मजबूत येऊन राहिले आताशा. नांदेडची खादी लई सुधारली." दिवाळी गेली, डिसेंबर आला. फडकं ते रोज धुवायचे. न वापरलेलं फडकं धुवून दोरीवर घालणारा माणूस बघितला की हातातलं शिवण बाजूला ठेवावं लागतं. गंगाधररावांनीसुद्धा थट्टा बंद केली. एकदा गच्चीवरून नुसतं "बरं आहे ना, खंदारे?" म्हणाले. मामांना थट्टेपेक्षा ते जास्त लागलेलं दिसलं.

जानेवारीत नवरा म्हणाला, "जा आणि सांगून टाक एकदाचं. तू तीन वेळा भाजीत मीठ विसरलीस आणि चहात एकदा घातलंस."

या जिल्ह्यात मी एकटीनं कधी प्रवास केला नव्हता. डब्यात भाकरी आणि ठेचा घेतला, पिशवीत एक जास्तीचं लुगडं घेतलं, आणि जवळा बाजारच्या गाडीत बसले. बाजाराचा दिवस होता. रस्ताभर कापसाच्या गाड्या. फाट्यावर उतरून शाळेपर्यंत मी एकच वाक्य घोकत गेले, आणि हेडमास्तरांच्या खोलीत शिरल्यावर तेच विसरले.

"बसा," ते म्हणाले.

"झेंडा मी कापला," मी म्हणाले. "मामा त्या दिवशी गावातच नव्हते. त्यांची नजर माझ्याहून चांगली आहे. पोलिसात द्यायचं असेल तर मी डबा आणलाय."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"काय आहे डब्यात?"

"भाकरी आणि ठेचा."

"मग तो पोलिसांना कशाला?" असं म्हणून त्यांनी चहा मागवला. पण चहा आला तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "म्हणजे त्या माणसाला मी रजा घ्या म्हणालो," ते स्वतःशीच म्हणाले. उठून त्यांनी कपाट उघडलं. आत चार झेंडे. वरचा माझा. बाकीचे शेजारच्या शाळांचे. "चार महिन्यांपासून पडलेत. दुसऱ्या कुणाला द्यावेसे वाटेनात. मी एकदा काडीपेटी घेऊन बसलो होतो. काडी ओढवली नाही. वाटलं, मामा मागून म्हणतील, सर, टोपी सरळ करा." त्यांनी चारही झेंडे पांढऱ्या कापडात बांधून माझ्या हातात दिले. "त्यांना सांगा, रविवारी मी येतो. पाया पडायला. आणि बाकीच्या शाळांना मीच सांगतो."

ज्या कंडक्टरनं ते गाठोडं माझ्या दारात दिलं होतं, योगायोगानं परतीच्या गाडीला तोच होता. झेंडा मामांनीच मागाहून येऊन शिवला असेल, असं तो धरून चालला होता; सगळं ऐकून त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं, आणि स्टँडवरून कॉलनीपर्यंत माझ्यासोबत चालत आला. चार वाजले होते. मामा ओट्यावर बसले होते.

"मामा, चार पेशंट!" कंडक्टर लांबूनच ओरडला.

मामांनी गाठोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं समजले.

"तुला कोण जा म्हणलं?"

"कुणी नाही."

"एकटी गेलतीस?"

"हो."

"भेली न्हाईस?"

"खूप भेले."

"मग काहून गेलीस? एवढं झाकून ठिवलं होतं म्या. सारं उघडं करून आली. अक्कल न्हाई, मापाची न्हाई अन् बोलायची बी न्हाई." ते पाच-सात मिनिटं बोलत होते. एकतीस वर्षांत जे साहेबांना बोलता आलं नव्हतं, ते सगळं बहुतेक मला बोलून घेतलं. कंडक्टर हळूच सटकला. मग मामा उठून आत गेले. न्हाणीत पाण्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा अंगावर इस्त्रीचे खाकी कपडे होते, डोक्यावर टोपी, आणि हातात ती रुमालात बांधलेली, मी कापलेली पट्टी.

"चाल मागं. उद्या सकाळी रजा. आज घडी करून ठिवू."

चिठ्ठी मी नेहमी दारात उभी राहून वाचायची. घडी घालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पसरलेल्या झेंड्याची, तो जमिनीला न लागू देता, घडी घालायची तर चार हात लागतात. केशरी आणि हिरवा पांढऱ्याखाली दुमडायचे, मग दोन्हीकडून आत घ्यायचं, आणि वर फक्त चक्र दिसलं पाहिजे. ते मागच्या अंगणात पुढं गेले, तेव्हा मला लिंबाच्या खोडात दोन खिळे दिसले. टोचू नये म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. सवयीनं मामांनी मी कापलेल्या झेंड्याच्या दोरीच्या पट्टीचं एक टोक वरच्या खिळ्याकडं नेलं. मग थांबले. टोक माझ्यापुढं धरलं.

"हे धर."

मी दोन्ही हातांत धरलं. ते दोन पावलं मागं सरकले. झेंडा आमच्यामधे ताठ झाला.

"यमुना होती तवर ती धरायची," मामा म्हणाले. मामी मी यायच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांच्याविषयी मामा इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले. "तिच्या मागं हे खिळे मारले. खिळ्याला सांगावं लागत न्हाई, तेवढं बरं. पर खिळा पुढं चालत येत न्हाई. मलाच जावं लागतं."

मी पुढं पाऊल टाकणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. ती ठेंगणी होती. हात खाली घे."

मी घेतले.

"अजून."

मी वाकले. हात खोडातल्या खिळ्यांच्या उंचीला आले. मामा झेंड्यावरून माझ्याकडे बघत होते, पण माझ्याकडे नाही.

"हां," ते म्हणाले. "तिथं."